गोमतीकाठचा चौकीदार

लखनऊमधून वाहणारी गोमती पुढे जौनपूर ओलांडून वाराणसीच्या खाली गंगेला मिळते. त्या वाटेवर, तिच्या उत्तर तीरावर, इंग्रजी कागदपत्रांत ‘क्राखुत’ म्हणून नोंदलेले एक गाव होते. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास तेथे आकाशातून दगड पडले.

बनारसमधील जॉन लॉइड विल्यम्स यांनी या घटनेचा जो वृत्तांत लंडनला पाठवला, तो आजही वाचनीय आहे. पश्चिमेकडे अग्निगोल दिसला, चांदण्यासारखा उजेड पडला, मग मेघगर्जनेसारखा आवाज झाला. विल्यम्स आवर्जून नोंदवतात की ११ तारखेपासून आकाशात ढगाचा मागमूसही नव्हता. या एका वाक्याने विजेचे स्पष्टीकरण बाद होते. (सरोजिनी नगरात राहणाऱ्या मला त्या आकाशाचा हेवा वाटतो, इथे विमानतळाच्या उजेडात ठळक तारेच काय ते उरतात.) एक दगड एका चौकीदाराच्या झोपडीचे छप्पर भेदून आत आला आणि चोपलेल्या मातीच्या जमिनीत काही इंच रुतला. चौकीदार झोपडीलगतच उभा होता.

आकाशातून दगड पडतात, हे म्हणणे त्या काळी विद्वानांना खेडवळ भाबडेपणा वाटे. क्लाद्नी यांनी १७९४ साली जुन्या साक्षी ताडून उलट मत मांडले होते. ते मुळात कायद्याचे विद्यार्थी, म्हणून साक्षीचे मोल त्यांना कळले असावे. पण साक्षीला पुरावा हवा होता. तो १८०२ मध्ये मिळाला. एडवर्ड हॉवर्ड यांनी बनारस, यॉर्कशायर, इटलीतील सिएना आणि बोहेमिया येथील दगडांचे रासायनिक पृथक्करण केले. चारही ठिकाणच्या दगडांतील लोहकणांत निकेल सापडले. सामान्य पार्थिव खडकांत असे मिश्रण आढळत नाही. त्यांचे सहकारी बूर्नों यांनी बनारसच्या दगडातील सूक्ष्म गोलकांचे वर्णन केले. आज त्यांना काँड्रूल म्हणतात आणि ते सूर्यमालेच्या जन्मकाळचे आहेत.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर लोकांनी मोबाइलवर जळते तुकडे टिपले आणि अनेकांनी त्यांना उल्का मानले. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत धातूचे मोठे कडे पडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचे पुढे आले. फरक चित्रफितींतच दिसत होता: उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते, कक्षेतून उतरणारे अवशेष ८ किलोमीटरच्या आत आणि बरेच तिरके, म्हणून ते रेंगाळतात. चित्रफितीसोबत नेमकी वेळ, उभे राहण्याची जागा, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची असेल, तर दोन गावांच्या नोंदींतूनही मार्ग काढता येतो.

विल्यम्स यांच्या वृत्तांतात वेळ आहे, दिशा आहे, दगडाचे वजनही आहे. चौकीदाराचे नाव नाही.