चंद्रपुरात ‘वाईन शॉप’, वैनगंगेपलीकडे दारूबंदी: घरासाठी वाईन घेताना काय माहीत हवं?

चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोलीकडे निघालं की व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे वाईनची बाटली कायदेशीर दुकानात मिळते. पुलापलीकडे तीच बाटली जवळ असणं गुन्हा ठरू शकतो. राज्य एक, कायदाही एक, मग हा फरक कशामुळे?

दोन जिल्हे, दोन नियम

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, गावोगावच्या महिला आणि आदिवासी यांच्या आंदोलनातून ती आली. चंद्रपुरातही महिलांनी मोर्चे काढले आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मात्र अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचं कारण देत २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. शेजारच्या वर्ध्यात १९७०च्या दशकापासून बंदी आहे. म्हणजे आज चंद्रपूरच्या दोन बाजूंना दारूबंदीचे जिल्हे आहेत.

‘वाईन शॉप’ पिढ्यानपिढ्या एकाच घरात का?

पाटीवर ‘वाईन शॉप’ लिहिलेलं असलं तरी आत प्रामुख्याने व्हिस्की, रम आणि बीअर विकली जाते. या दुकानांच्या परवान्याला ‘एफएल-२’ म्हणतात. राज्यात १९७०च्या दशकापासून असे नवे परवाने देणं जवळपास बंद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांना तो आपल्या नावावर करून घेता येतो. त्यामुळे वडिलांनंतर मुलगा गल्ल्यावर बसलेला अनेक ठिकाणी दिसतो. चंद्रपुरात मात्र सहा वर्षं हा धंदा ठप्प होता.

वाईन आणि दारूत फरक काय?

वाईन द्राक्षाचा रस आंबवून बनते. व्हिस्की किंवा रम आंबवल्यानंतर ऊर्ध्वपातन करून, म्हणजे उकळून वाफ गोळा करून काढतात. मोहाची दारूही अशीच काढली जाते, म्हणून ती वाईन नाही. वाईनमध्ये साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, व्हिस्कीत ४० टक्क्यांच्या वर. पण १५० मिलीच्या एका ग्लास वाईनमध्ये अंदाजे १४ ग्रॅम अल्कोहोल जातं. ४५ मिली व्हिस्कीतही जवळपास तेवढंच असतं. त्यामुळे ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ या समजात तथ्य नाही.

बाटली कशी निवडायची?

• आधी उन्हाचा विचार करा. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उष्णतेने वाईन खराब होते. उन्हात किंवा काचेच्या शोकेसमध्ये उभी असलेली बाटली टाळा. घरी नेताना ती गाडीच्या डिकीत पडून राहू देऊ नका.

• लेबल वाचा. ‘ड्राय’ म्हणजे गोडवा जवळपास नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला ती तुरट किंवा आंबट लागू शकते. ‘शेनिन ब्लांक’ या द्राक्षाची किंचित गोडसर पांढरी वाईन सुरुवातीला सोपी जाते. ‘पोर्ट’ नावाने मिळणारी स्वस्त वाईन बरीच गोड असते.

• जेवण बघा. झणझणीत पाटोडी रस्सा किंवा सावजी मटणासोबत तुरट रेड वाईन घेतली तर तिखट अधिक झोंबतं. तिथे गोडसर, थंड पांढरी वाईन बरी. तळलेल्या मासोळीसोबत ‘सोविन्यो ब्लांक’ जमते. कमी तिखट भाजलेल्या मटणासोबत ‘शिराझ’ चालते.

• साल तपासा. नेहमीच्या दरातल्या बहुतेक वाईन वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी नसतात. पांढरी तर ताजीच चांगली.

• फ्रिज वापरा. पांढरी ८ ते १० अंशांवर प्यावी, रेड १६ ते १८ अंशांवर. विदर्भातल्या घरात रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन ते पाच दिवसांत संपवा.

काय लक्षात ठेवायचं?

महाराष्ट्रात वाईनसाठी किमान वय २१ वर्षं आहे. वाहनचालकाच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा आहे. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

आणि चंद्रपुरात घेतलेली बाटली चंद्रपुरातच राहू द्या. गडचिरोलीतल्या नातेवाइकाकडे लग्नाला किंवा पाहुणचाराला जाताना ती भेट म्हणून नेऊ नका. दुकानाचं बिल सोबत असलं तरी पुलापलीकडे ते कामाचं नाही. शिवाय ज्या गावात जाणार, तिथल्या बायकांनी ही बंदी भांडून मिळवली आहे.