हलके लिनक्स डेस्कटॉप आणि मराठी : एक्स ते वेलँड
मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८४ मध्ये जन्मलेल्या 'एक्स' प्रणालीत अक्षरे उमटविण्याचे काम मुळात सर्व्हरकडे होते. जोडाक्षरे आणि व्यंजनाच्या डावीकडे सरकणारी ऱ्हस्व वेलांटी त्याला झेपत नसे. पुढे हे काम पँगोसारख्या लायब्ररींकडे, म्हणजे अनुप्रयोगाकडे आले आणि २००६ च्या एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपवरही मराठी नीट दिसू लागली. २००८ मध्ये क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी आरंभिलेल्या वेलँडने हीच दिशा पूर्णत्वास नेली. येथे कंपोझिटर तयार चित्रे केवळ जुळवितो.

वाचनाचा प्रश्न सुटला. लेखनाचा मात्र नव्याने उभा राहिला. १९९१ च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट कळरचना कोणत्याही कंपोझिटरला सहज पुरविता येते. परंतु रोमन कळांवरून उच्चारानुसार मराठी लिहिणाऱ्यास आयबससारखी योजना लागते, आणि वेलँडच्या रचनेत तिचा विहित मार्ग कंपोझिटरमधूनच जातो. एक्सवर ती खिडक्या सांभाळणाऱ्या आज्ञावलीवर अवलंबून नव्हती. नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयात जुन्या संगणकांसाठी हलका डेस्कटॉप निवडताना केवळ मेमरीची बचत पाहणे म्हणूनच अपुरे होय. एलएक्सक्यूटीच्या २.१ आवृत्तीने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपोझिटर निवडण्याची मोकळीक दिली. त्यामुळे डेस्कटॉप एकच असूनही एका संगणकावर अशी मराठी लिहिता यावी आणि शेजारच्यावर अडावी, असे घडू शकते.