मासेमारी तंत्रज्ञान आणि पेटंट

व्यावसायिक मासेमारीची जाळी व दोर, जाळे ओढणारी यंत्रे, मत्स्यशोधक उपकरणे, बोटीवरील शीतकरण आणि मासळी-प्रक्रियेची यंत्रे यांतील नव्या शोधांवर मिळणारा मुदतबंद कायदेशीर हक्क. पेटंटला मराठीत एकस्व असेही म्हणतात. हा हक्क शोध वापरण्याची परवानगी देत नाही. आपल्या संमतीवाचून इतर कोणी ती वस्तू बनवू, वापरू, विकू किंवा आयात करू नये, एवढीच मनाई करण्याचा अधिकार त्यातून मिळतो. बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे ही त्याची मुदत असते. त्याबदल्यात शोधकाला आपला शोध इतका तपशीलवार लिहून द्यावा लागतो की, त्या विषयातील जाणकाराला तो वाचून वस्तू बनवता यावी. हा मजकूर पुढे सर्वांसाठी प्रसिद्ध होतो.

व्याप्ती. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात मासे पकडण्याची साधने आणि मत्स्यशेती ‘ए ०१ के’ या वर्गात येतात. मासे साफ करण्याची व कापण्याची यंत्रे ‘ए २२’मध्ये, मासेमारी नौका ‘बी ६३ बी’मध्ये आणि ध्वनिलहरींनी मासळी शोधणारी उपकरणे ‘जी ०१ एस’मध्ये मोडतात. त्यामुळे आपला शोध खरोखर नवा आहे की नाही, हे पाहणाऱ्या उत्पादकाला एकाच वर्गावर थांबून चालत नाही. जाळ्यावर बसवलेल्या संवेदकाचा पूर्वीचा दाखला जाळ्यांच्या वर्गात सापडेल किंवा ध्वनिशोधकांच्याही.

उत्पादकांना पेटंट का लागते. या धंद्यातील बहुतेक साधने उघड्यावर वापरली जातात. जाळे धक्क्यावर वाळत पडते, डागडुजीसाठी उलगडले जाते. विंच आणि कप्प्या शेजारच्या बोटीवरून दिसतात. एका तांडेलाला नव्या साधनाने जास्त मासळी मिळाली की, त्याच मोसमात बाकीचे ते निरखतात आणि बंदरावरचे वर्कशॉप तसेच बनवून देते. दिसणारी वस्तू गुप्त ठेवून टिकवता येत नाही. जाळ्याच्या धाग्यावरील लेपाचे मिश्रण, धाग्याला उष्णता देण्याची पद्धत किंवा मत्स्यशोधकाच्या आतील आज्ञावली मात्र व्यापारी गुपित म्हणून राखता येते. म्हणून जाणते उत्पादक उघड दिसणाऱ्या यांत्रिक भागासाठी पेटंट घेतात आणि कारखान्याच्या आत राहणारी प्रक्रिया झाकून ठेवतात.

दुसरे कारण चाचणीच्या खर्चाचे आहे. मासेमारीचे साधन प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही. त्यासाठी बोट, इंधन, खलाशी आणि मोसम लागतो. प्रत्येक ओढीत मासळी वेगळी, पाण्याची खोली आणि प्रवाह वेगळा, म्हणून जुन्या-नव्या साधनांची तुलना करायला अनेक ओढी घ्याव्या लागतात. एवढा खर्च एका उत्पादकाने करायचा आणि नक्कल करणाऱ्याने काहीच खर्च न करता कमी भावात माल विकायचा, असे झाले तर मूळ शोधकाचा खर्च भरून निघत नाही. ट्रॉलरचे किंवा पर्ससीन नौकांचे बाजार मोटारींसारखे मोठे नसल्याने थोड्या विक्रीतूनच तो वसूल करावा लागतो.

तिसरे कारण शोधक आणि उत्पादक यांच्या नात्यात आहे. या क्षेत्रातील बरेच शोध समुद्रावर काम करणाऱ्यांना सुचलेले असतात, पण त्यांच्याकडे कारखाना नसतो. पेटंट असेल तर कल्पना उघड करूनही ती परवान्यावर देता येते, स्वामित्वशुल्क घेता येते किंवा हक्क विकता येतो.

पॉवर ब्लॉक. याचे ठळक उदाहरण म्हणजे क्रोएशियातील ब्राच बेटावरून अमेरिकेत गेलेला मच्छीमार मारियो पुरेतिच याचा पॉवर ब्लॉक. पर्ससीन मासेमारीत थव्याभोवती जाळ्याचा घेर टाकतात, खालचा दोर आवळून तळ बंद करतात आणि मग प्रचंड ओले जाळे बोटीवर ओढून घेतात. हे शेवटचे काम माणसांच्या हातांनी होत असे. पुरेतिचने १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात बोटीच्या आडव्या डोलकाठीला टांगायची, खोल खाचेची यंत्रचालित कप्पी तयार केली. जाळे खाचेतून जाते, स्वतःच्याच वजनाने घट्ट पकडले जाते आणि फिरत्या चक्रीबरोबर वर येते.

पुरेतिचने या यंत्राचे पेटंट घेतले, पण ते बाजारात आणले सिॲटलच्या ‘मार्को’ या जहाजबांधणी कंपनीने. पीटर श्मिट याने १९५३ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने पुढे द्रवदाबावर चालणारे ब्लॉक बनवले आणि ते जगभर विकले. पॉवर ब्लॉक आणि नायलॉनची जाळी या दोन गोष्टी एकत्र आल्यावर १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ट्यूना ताफ्याने गळ-काठीची पद्धत सोडून पर्ससीन पत्करली. कॅनडाने १९७२ मध्ये काढलेल्या ५ डॉलरच्या नोटेवर तर पर्ससीनने सामन पकडणाऱ्या नौकेचे चित्र छापले.

त्यापूर्वीचे शोध. ट्रॉलिंगमध्ये एकेकाळी जाळ्याचे तोंड उघडे ठेवायला लांब लाकडी दांडा लावत, त्यामुळे दांड्याच्या लांबीवर जाळ्याची रुंदी ठरे. स्कॉटलंडमधील ग्रँटन येथील स्कॉट याने १८९४ मध्ये दांड्याऐवजी दोन फळ्या वापरणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले. बोट पुढे जाताना पाण्याच्या दाबाने फळ्या बाजूंना फाकतात आणि जाळे उघडतात. वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलरांनी ही रचना झपाट्याने उचलली. १९२०च्या दशकात फ्रान्समधून आलेल्या ‘व्हिन्येरॉन-डाल’ रचनेत फळ्या जाळ्यापासून दूर नेऊन मध्ये लांब दोर घातले गेले, त्यामुळे एकाच ओढीत जास्त रुंद पट्टा झाडला जाऊ लागला. पहिल्या पेटंटात सांगितलेल्या रचनेवर पुढची सुधारणा बेतायची आणि तिचे वेगळे पेटंट घ्यायचे, हा क्रम या क्षेत्रात तेव्हापासून चालू आहे.

मत्स्यशोधक उपकरणांचे मूळ जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर बेम याच्या प्रतिध्वनी-मापकात आहे. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर हिमनग ओळखण्यासाठी त्याने प्रयोग सुरू केले. हिमनगांसाठी ही पद्धत उपयोगी ठरली नाही, पण तिने पाण्याची खोली मोजता आली आणि १९१३ मध्ये तिचे जर्मन पेटंट मिळाले. तळाबरोबर मध्येच पोहणारे थवेही प्रतिध्वनी देतात, हे नंतर लक्षात आले. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये या तत्त्वावरचे व्यावहारिक मत्स्यशोधक उपकरण आणले.

पेटंटची किंमत : बर्ड्‌सआय. पेटंट हीच कंपनीची मुख्य मालमत्ता कशी ठरते, हे क्लॅरेन्स बर्ड्‌सआय याच्या व्यवहारातून दिसते. लाब्राडोरच्या थंडीत झटपट गोठलेली मासळी शिजवल्यावर ताजी लागते, हे त्याने पाहिले होते. हळू गोठवताना मोठे बर्फकण तयार होऊन मांस फाटते आणि जलद गोठवण्यात ते बारीक राहतात, हे त्यामागचे कारण. मॅसॅच्युसेट्‌समधील ग्लॉस्टर या मासेमारी बंदरात त्याने बांधलेल्या पाकिटांना थंड धातूच्या पृष्ठभागांमध्ये दाबून गोठवण्याची पद्धत विकसित केली. तिच्या पेटंटसाठी १९२७ मध्ये अर्ज झाला आणि १९३० मध्ये ते मंजूर झाले.

दरम्यान १९२९ मध्ये पोस्टम कंपनी व गोल्डमन सॅक्स यांनी त्याचा उद्योग २ कोटी २० लाख डॉलरला विकत घेतला. त्यातील २ कोटी डॉलर पेटंटांसाठी व संबंधित हक्कांसाठी होते. इमारती, यंत्रे वगैरे मालमत्तेला उरलेले २० लाख. यंत्रे दुसऱ्या कोणालाही बांधता आली असती. खरेदीदारांनी पैसे मोजले ते इतरांना ती बांधू न देण्याच्या हक्कासाठी.

समुद्र आणि पेटंटची हद्द. पेटंट ज्या देशाने दिले त्या देशापुरतेच चालते. मासेमारी बोटी मात्र देशोदेशींच्या बंदरांत जातात आणि खुल्या समुद्रात काम करतात. यातून उद्भवणारा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८५७ मध्ये ‘ब्राउन विरुद्ध डुशेन’ या खटल्यात आला. फ्रान्समध्ये बांधलेली एक शिडाची नौका बॉस्टनला आली होती आणि तिच्या शिडाच्या दांड्यावर ब्राउनची पेटंट असलेली रचना होती. परदेशी नौका कायदेशीर कामासाठी तात्पुरती बंदरात आली असेल, तर तिच्या अंगभूत साधनांवर स्थानिक पेटंट लागू होत नाही, असा निर्णय झाला. हेच तत्त्व १९२५ मध्ये पॅरिस करारात आले आणि भारताच्या पेटंट कायद्याच्या कलम ४९ मध्येही आहे. मात्र त्या साधनाचा वापर केवळ नौकेच्या गरजेपुरता असला पाहिजे. तेच साधन बंदरात उतरवून विकले, तर ही सवलत मिळत नाही.

म्हणून साधन कुठे बनते, कुठे विकले जाते आणि प्रतिस्पर्ध्याचा कारखाना कोणत्या देशात आहे, यावरून उत्पादक देश निवडतो. १९७०च्या पेटंट सहकार्य करारामुळे एका अर्जावर अनेक देशांचा पर्याय राखून ठेवता येतो आणि कोणत्या देशात खर्च करायचा हे सुमारे अडीच वर्षांनी ठरवता येते. भारत डिसेंबर १९९८ मध्ये या करारात आला.

भारतातील कायदा. पेटंट कायदा, १९७० नुसार शोध नवा, कल्पक आणि उद्योगात वापरण्याजोगा असावा लागतो. कलम ३ मधील काही अपवाद मासेमारी साधनांना थेट लागू पडतात. आधीपासून माहीत असलेली साधने नुसती शेजारी-शेजारी जोडली आणि प्रत्येक आपापले जुने काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर पेटंट मिळत नाही. विंचवर दिवा आणि वजनकाटा बसवणे हा शोध ठरत नाही. निव्वळ संगणक आज्ञावलीलाही पेटंट नाही, त्यामुळे मत्स्यशोधकाच्या निर्मात्याला तांत्रिक परिणाम दाखवावा लागतो. पारंपरिक ज्ञानही वगळलेले आहे. कोकणातील रापण किंवा डोल जाळे आहे तसे कोणालाही आपल्या नावावर करता येणार नाही.

समुद्रावरील चाचणीबाबत एक तरतूद महत्त्वाची आहे. अर्जापूर्वी शोध लोकांसमोर वापरला गेला, तर त्याचे नावीन्य संपते. परंतु शोधाचे स्वरूपच असे असेल की उघड्यावर चाचणी अटळ आहे, तर अर्जापूर्वीच्या एका वर्षातील वाजवी चाचणीमुळे नावीन्य गेले असे कलम ३२ धरत नाही. युरोपात अशी सवलत नाही. म्हणून निर्यात करू पाहणाऱ्या उत्पादकाने बोट बंदराबाहेर काढण्याआधी निदान तात्पुरते विवरणपत्र दाखल करणे शहाणपणाचे असते. पूर्ण विवरणपत्रासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात.

पुण्याची गरवारे टेक्निकल फायबर्स ही कंपनी या क्षेत्रातील महाराष्ट्राचे प्रमुख नाव आहे. १९७६ मध्ये गरवारे-वॉल रोप्स या नावाने ती सुरू झाली. वाई येथे तिचा कारखाना असून मासेमारीची जाळी, दोर आणि सामन मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांची जाळी ती बनवते आणि निर्यात करते. सामनच्या बाजारात खरेदीदार मोठे आणि संख्येने थोडे असतात. तिथे दात मारणाऱ्या भक्षकांना किंवा शेवाळाला दाद न देणारे जाळे केवळ स्वस्ताईवर विकले जात नाही. अशा बाजारात पेटंट असलेला माल उत्पादकाला भावाच्या स्पर्धेतून बाहेर काढतो.

मर्यादा. पेटंट आणि परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. असा दिवा कितीही नवा असला तरी त्याचे पेटंट मासेमारीतील वापर कायदेशीर करू शकत नाही. पर्यावरणाला गंभीर हानी पोहोचवणाऱ्या शोधाला तर पेटंटच नाकारता येते. दुसरी मर्यादा अंमलबजावणीची. नक्कल शोधणे, पुरावा गोळा करणे आणि दावा चालवणे हा खर्च हक्कदाराचा असतो. गावोगावच्या वर्कशॉपांविरुद्ध तो क्वचितच परवडतो, मोठ्या प्रतिस्पर्धी कारखान्याविरुद्ध परवडू शकतो.

काही साधने सर्वांनी वापरली तरच उपयोगी ठरतात आणि तिथे अनन्य हक्क अडचणीचा होतो. अमेरिकेत जॉर्जियातील कोळंबी-मच्छीमार सिंकी बून याने जाळ्यातील जेलीफिश बाहेर काढण्यासाठी बनवलेल्या जाळीदार चौकटीतून कासव-मुक्ती साधनांची वाट निघाली. १९८९च्या अमेरिकी कायद्याने अशा उपायांशिवाय पकडलेल्या कोळंबीची आयात रोखली. या निर्बंधाविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया व थायलंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेले आणि १९९८ मध्ये निर्णय झाला. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय ट्रॉलरांसाठी असे साधन विकसित केले. ज्या वस्तूवाचून निर्यातच अडते ती एका खासगी हक्कदाराच्या हाती असती, तर प्रत्येक बोटमालकाला तिच्यासाठी शुल्क मोजावे लागले असते. अशा ठिकाणी सार्वजनिक संस्थेने शोध खुला ठेवणे किंवा स्वस्त परवाना देणे हाच मार्ग ठरतो.

मुदतीनंतर. पेटंट संपले की शोध सर्वांचा होतो. नेदरलँड्‌समध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या आणि १९९० पासून ‘डायनिमा’ नावाने निघू लागलेल्या अतिमजबूत पॉलिएथिलीन धाग्याची मूळ पेटंटे संपल्यावर इतर देशांतील कारखानेही तसा धागा काढू लागले. ‘डायनिमा’ हे नाव मात्र व्यापारचिन्ह म्हणून राखीवच राहिले. टिकून राहणारे उत्पादक म्हणूनच २० वर्षांच्या काळात नाव, सुटे भाग आणि दुरुस्तीची सेवा उभी करतात आणि जुन्या पेटंटची मुदत सरण्याआधी पुढच्या सुधारणेचा अर्ज दाखल करतात.