कोरियन महिला बॅडमिंटनपटू

दक्षिण कोरियाच्या महिला बॅडमिंटनपटूंचा लौकिक मुख्यतः दुहेरीच्या खेळावर उभा राहिला. एकेरीत जागतिक अग्रस्थान मिळविलेल्या कोरियन स्त्रिया अगदी थोड्या असून त्यांच्या कारकीर्दींत दीर्घ काळाचे अंतर आढळते. १९८१ मध्ये ह्वांग सन-ए हिने ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डेन्मार्कच्या लेने कॉपेनचा ११–१, ११–२ असा पराभव केला. कॉपेन ही लगतच्या दोन वर्षांची विजेती असल्याने हा निकाल अनपेक्षित ठरला. आदल्या वर्षी याच स्पर्धेत पुरुष एकेरीचे अजिंक्यपद मिळविणारा भारताचा प्रकाश पदुकोण त्या वर्षी उपविजेता होता.

कोरियात शालेय संघातून पुढे आलेली खेळाडू एखाद्या उद्योगसमूहाच्या वा स्थानिक शासनाच्या संघात वेतनावर रुजू होते. राष्ट्रीय संघात निवड झाली, की तिचा बहुतेक काळ शिबिरात जातो. हे शिबिर दीर्घकाळ सोल येथील, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या तेरुंग क्रीडाकेंद्रात भरत असे. २०१७ मध्ये ते चिनचन येथे हलविण्यात आले. दुहेरीतील जोडीदार प्रशिक्षक ठरवितात व गरजेनुसार बदलतात. या पद्धतीचे फळ १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये दिसले. बॅडमिंटनला प्रथमच पदकांचा दर्जा मिळालेल्या त्या सामन्यांत ह्वांग हे-यंग व चुंग सो-यंग यांनी महिला दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले. पुढील दोन वर्षे चुंगने गिल यंग-आ हिच्यासमवेत ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. गिलने नंतर चांग हे-ओकबरोबर १९९५ चे जागतिक अजिंक्यपद व १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले; तेथेच किम डोंग-मूनसह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदकही तिने संपादन केले.

एकेरीत बांग सू-ह्यून (जन्म १९७२) हिची कारकीर्द विशेष उल्लेखनीय होय. बार्सेलोनाच्या अंतिम सामन्यात पहिला डाव जिंकूनही ती इंडोनेशियाच्या सुसी सुसांतीकडून पराभूत झाली. १९९३ च्या जागतिक स्पर्धेतही तेच घडले. अटलांटा येथे मात्र तिने उपांत्य फेरीत सुसांतीला व अंतिम फेरीत मिया ऑदिनाला नमविले. यानंतर लवकरच, पंचविशीच्या आतच, ती निवृत्त झाली. तिच्यानंतर एकेरीत तशी खेळाडू निर्माण होण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. दुहेरीतील यश मात्र खंडित झाले नाही : रा क्युंग-मिन हिने किम डोंग-मूनसह १९९९ व २००३ मध्ये मिश्र दुहेरीचे जागतिक अजिंक्यपद मिळविले (पुढे दोघे विवाहबद्ध झाले), तर २००८ मध्ये ली ह्यो-जुंगने ली योंग-देसह ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. संघ म्हणून कोरियन महिलांनी २०१० व २०२२ मध्ये चीनला हरवून ऊबर करंडक मिळविला.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा, म्हणून मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केल्याबद्दल बाद ठरविलेल्या चार जोड्यांपैकी दोन कोरियाच्या होत्या. साखळी फेरीच्या नव्या रचनेतील दोषाकडे बोट दाखविता येते. तथापि त्यामुळे त्या कृत्याचे समर्थन होत नाही.

आन से-यंग (जन्म ५ फेब्रुवारी २००२, ग्वांगजू) शाळकरी वयातच २०१७ मध्ये राष्ट्रीय संघात आली. बचाव व दीर्घ फटकेबाजीत टिकून राहण्याची क्षमता ही तिची वैशिष्ट्ये. २०२३ मध्ये तिने ऑल इंग्लंड व जागतिक स्पर्धा जिंकल्या. एकेरीचे जागतिक अजिंक्यपद मिळविणारी ती पहिलीच कोरियन खेळाडू. त्याच वर्षी हांगचौ येथील आशियाई सामन्यांत अंतिम फेरीत गुडघा दुखावला असतानाही तिने सुवर्णपदक मिळविले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये विजयी होताच, आपल्या दुखापतीची राष्ट्रीय संघव्यवस्थेने योग्य दखल घेतली नाही, अशी जाहीर तक्रार तिने केली. ती केवळ उपचारांपुरती नव्हती. शासनाने चौकशी केली, तेव्हा प्रायोजकाच्याच रॅकेट व बूट वापरण्याची सक्ती, राष्ट्रीय संघाबाहेरील खेळाडूंना परदेशी स्पर्धांसाठी घातलेली वयोमर्यादा, पहिल्या कराराच्या वेतनावरील कमाल मर्यादा इ. नियम चर्चेत आले.  जानेवारी २०२५ मध्ये संघटनेच्या अध्यक्षाची निवडणूक होऊन किम डोंग-मून निवडून आला. दोन महिन्यांनी आनने ऑल इंग्लंड स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली.