असईचा उतार

संगणकावरचे डावपेचांचे युद्धखेळ मी वीसेक वर्षं खेळतोय. षटकोनी घरांचे, घड्याळावर चालणारे, अख्ख्या फौजेचे, एकेका शिपायाचे. ‘इतके कशाला? शेवटी सगळीकडे लढाईच ना?’ असं घरचे विचारतात. त्याचं उत्तर मला आमच्या भागातल्याच एका लढाईत सापडतं. कन्नडहून पूर्वेला सिल्लोड आणि भोकरदन ओलांडलं, की जालना जिल्ह्यात असई लागतं. माझ्याकडच्या एकाही खेळात ही लढाई नाही, पण ती मला समजली खेळांमुळेच.

२३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात होत्या. शिंद्यांची कवायती पायदळं दहा हजारांच्या आसपास, त्यांच्यावर हॅनोव्हरचा पोलमन. शंभरच्या वर तोफा आणि शिवाय प्रचंड घोडदळ. समोर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन. त्याची फौज यापुढे अगदीच लहान होती, आणि कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी अजून दूर होती.

वाटाड्यांनी सांगितलं, केळणेला इथे उतार नाही. वेलस्लीला दिसलं, की नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. माणसं जा-ये करत असणारच, म्हणजे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. तो खरा निघाला. १९९४च्या ‘पँझर जनरल’मध्ये हा प्रसंग घडूच शकत नाही. तिथे नदी, रस्ता, डोंगर सगळं पहिल्या चालीपासून उघडं असतं. तो खेळ अंतर आणि वेळ यांचा हिशेब उत्तम शिकवतो. न दिसणाऱ्या जमिनीवर पैज लावणं मात्र शिकवत नाही.

नदी उतरून पोलमनची बगल मारायची, हा वेलस्लीचा बेत. पण पोलमनने आपली सगळी रांग काटकोनात फिरवली आणि तोफांची तोंडं त्याच्याकडे केली. कवायत पक्की असल्याशिवाय हे होत नाही. आता इंग्रजी फौजेच्या उजव्या टोकाने असई गाव टाळायचं होतं. तिथला अधिकारी ऑरॉक थेट गावाच्या रोखाने गेला, त्याच्यामागे ७४वी हायलंडर्स पलटण गेली आणि तोफांपुढे कापली गेली. २०००चा ‘काँबॅट मिशन’ खेळताना मला हेच आठवतं. तिथे दोन्ही बाजू हुकूम देतात आणि मग ६० सेकंद नुसतं बघायचं. आपली तुकडी भलतीकडे चाललेली दिसते, आणि हात बांधलेले असतात.

तिसरी गोष्ट गोलंदाजांची. इंग्रजी पायदळ शिंद्यांच्या तोफांवरून पुढे गेलं. बहुतेक खेळांच्या हिशेबात तोफखाना तिथेच संपतो. असईत मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा वळवल्या आणि पुढे गेलेल्या फौजेवर मागून मारा केला. त्या तोफा परत घ्यायला वेलस्लीला स्वतः माघारी यावं लागलं. १९९६च्या ‘क्लोज काँबॅट’मध्ये प्रत्येक शिपायाला स्वतःचं मन असतं, तो घाबरतो, हुकूम नाकारतो, कधी हटून बसतो. या गोलंदाजांच्या जवळ जाणारा माझ्याकडचा खेळ तोच.

इंग्रजांनी ९८ तोफा घेतल्या. त्यांची मेलेली आणि जखमी मिळून दीड हजारांवर माणसं गेली. कितीतरी वर्षांनी, रणांगणावरची तुमची सर्वोत्तम कामगिरी कोणती असं विचारल्यावर वेलिंग्टनने असईचं नाव घेतलं होतं.

आपल्याकडे १८०३ म्हटलं की दुही, फितुरी आणि ठरलेला शेवट एवढंच बोललं जातं. त्यात तथ्य आहेच. युद्ध सुरू होताच शिंद्यांच्या नोकरीतले इंग्रज अधिकारी सोडून गेले, आणि असईत दौलतराव व रघूजी दोघेही मैदानातून लवकर निघाले. हे कुठल्याच खेळात नीट बसत नाही. खेळात सेनापती पळत नाही. तो खुर्चीत असतो. पण शेवट ठरलेला होता असं एकदा म्हटलं, की ती काटकोनात फिरलेली रांग आणि ते उठलेले गोलंदाज गोष्टीतून गळून पडतात. खेळाला शेवट ठाऊक नसतो, म्हणून तो त्यांना पुन्हा मोजायला लावतो.

त्या गोलंदाजांची नावं मला कुठे सापडली नाहीत. ९८ हा आकडा त्यांच्या तोफांचा आहे.