पृथ्वी फिरते की स्थिर? : दिल्लीतील एक जुना वाद

आपल्या सभा-संमेलनांत विज्ञानाचा विषय निघाला की वक्ता थेट बगदाद गाठतो. बैतुल हिकमा, अल् ख्वारिज्मीचे बीजगणित, इब्न सीनाचे वैद्यक, इब्न अल् हैसमचा प्रकाशावरील ग्रंथ अशी नामावळी होते, टाळ्या पडतात आणि मग हजार वर्षांची उडी मारून वक्ता सच्चर समितीच्या अहवालावर येतो. मधल्या काळात जणू काही घडलेच नाही! आपल्या टीकाकारांचेही फार वेगळे नाही. मुसलमानांनी आधुनिक विज्ञानाकडे पाठ फिरवली, एवढ्या एका वाक्यात ते हा मधला काळ गुंडाळतात. दिल्लीच्या अजमेरी दरवाजाजवळची एक इमारत या दोघांनीही पाहिलेली नसते.

ही इमारत म्हणजे गाझीउद्दीन खानाचा मदरसा. १८२५ साली कंपनी सरकारने येथे दिल्ली कॉलेज सुरू केले. अरबी, फारसी आणि संस्कृत शिकवणारी पौर्वात्य शाखा आधी होती, इंग्रजी शाखा १८२८ मध्ये आली. लखनौच्या नवाब इतिमादुद्दौलांनी १८२९ साली या संस्थेला एक लाख सत्तर हजार रुपये दिले. त्या काळची ही रक्कम म्हणजे खजिनाच. कॉलेजचे वेगळेपण मात्र पैशात नव्हते, भाषेत होते. गणित, खगोलशास्त्र, रसायन, यंत्रशास्त्र हे नवे विषय पौर्वात्य शाखेतल्या मुलांना उर्दूतून शिकवायचे असे ठरले. शिकवायचे तर पुस्तके हवीत. म्हणून १८४० नंतर प्राचार्य फेलिक्स बुत्रो यांच्या पुढाकाराने भाषांतरासाठी एक मंडळ उभे राहिले आणि पुढच्या काही वर्षांत त्याने शंभरावर पुस्तके उर्दूत आणली.

या मंडळाचे भाषांतराचे नियम वाचण्यासारखे आहेत. ज्या शास्त्रीय शब्दाला उर्दूत सोपा प्रतिशब्द नाही, तो इंग्रजी शब्द तसाच घ्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सोडियम, पोटॅशियम, क्लोरीन ही उदाहरणेही दिली होती. जिथे रुळलेला शब्द आहे तिथे मात्र तोच वापरायचा. मराठीत आपण प्राणवायू की ऑक्सिजन यावर आजही भांडतो. दिल्लीकरांनी हा प्रश्न १८४० च्या दशकातच, कुठलाही अभिनिवेश न बाळगता सोडवला होता.

या कॉलेजात १८४४ साली रामचंद्र नावाचा तेवीस वर्षांचा तरुण उर्दूतून विज्ञान शिकवू लागला. जन्म पानिपतचा, घराणे कायस्थ, वडील लहानपणीच वारलेले. मास्टर रामचंद्र म्हणून तो पुढे ओळखला गेला. वर्गात जे सांगायचे ते वर्गाबाहेरच्या लोकांनाही कळले पाहिजे, अशी त्याला तळमळ होती. म्हणून त्याने १८४५ मध्ये ‘फवाइदुन्नाज़िरीन’ हे पाक्षिक आणि १८४७ मध्ये ‘खैरख्वाहे हिंद’ हे मासिक काढले. मासिकाचे नाव लवकरच ‘मुहिब्बे हिंद’ असे बदलले. निसर्गशास्त्र, खगोल, नवी यंत्रे, थोर विद्वानांची चरित्रे असा त्यांचा मजकूर असे. त्या वेळी हिंदुस्थानात आगगाडी नव्हती, ती १८५३ मध्ये मुंबई-ठाणे धावली. तारायंत्रही नव्हते. वाचकाने पाहिलेली नाही अशी दुनिया या पानांतून त्याच्या दिवाणखान्यात येत होती. मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ काढून मराठीत हेच काम आरंभले होते. दोन शहरे, दोन भाषा, आणि दोन्हीकडे एक शिक्षकच संपादक!

रामचंद्राची बुद्धी केवळ प्रचारकाची नव्हती. १८५० साली त्याने कलकत्त्यात पदरमोड करून गणितावर एक इंग्रजी पुस्तक छापले. एखाद्या राशीचे मोठ्यात मोठे किंवा लहानात लहान मूल्य काढायला युरोपात कलनशास्त्र वापरत. रामचंद्राने ते काम निव्वळ बीजगणिताने करून दाखवले. एक सोपे उदाहरण घेऊ. वीस हात दोरीने चौकोनी वाफा आखायचा आहे, जास्तीत जास्त जमीन कशी मिळेल? एक बाजू ‘क्ष’ मानली तर दुसरी १० वजा क्ष. दोहोंचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ. हे वर्गसमीकरण सोडवले की वर्गमुळाच्या चिन्हाखाली ‘पंचवीस वजा क्षेत्रफळ’ ही संख्या येते. ती ऋण झाली तर खरे उत्तरच उरत नाही. म्हणजे क्षेत्रफळ पंचविसाच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि वाफा पाच हातांचा चौरस हवा. अशा रीतीने रामचंद्र पुढे बरीच अवघड उदाहरणे सोडवतो. यामागे भास्कराचार्यांच्या बीजगणिताची परंपरा आहे, हे ओळखले लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गन यांनी. कलकत्त्यात ज्या पुस्तकाची टर उडवली गेली, तेच त्यांनी १८५९ साली लंडनमध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापवले. कंपनी सरकारकडून रामचंद्राला खिलत आणि दोन हजार रुपये मिळाले.

आता मूळ वादाकडे येऊ. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे, हे जुन्या हिकमतीचे मत अरबी ग्रंथांतून शतकानुशतके शिकवले जात होते. कॉलेजमधल्या मुलांना नवे खगोलशास्त्र कळले आणि ती या मताला हसू लागली. इंग्रजी शाखेतली मुले हसली तर नवल नव्हते. पण अरबी शाखेतली वरच्या वर्गातली मुलेही हसत होती, अशी आठवण रामचंद्राने लिहून ठेवली आहे. शहरातल्या जुन्या विद्वानांना हे रुचले नाही, हेही त्यानेच नोंदवले आहे. घरोघरी वाद झडू लागले. हा वाद ‘युरोप विरुद्ध इस्लाम’ असा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. पृथ्वी फिरते असे धरले तरी खगोलाचे गणित बिघडत नाही, हे अल् बिरुनीने अकराव्या शतकातच लिहिले होते. त्या कल्पनेवर बेतलेले सिज्ज़ीचे यंत्र त्याच्या परिचयाचे होते. प्रश्न जुनाच होता, फक्त नव्या दुर्बिणीने आणि नव्या गणिताने त्याला उत्तर मिळाले होते.

या वादात १८४८ साली एका तिशीतल्या मुन्सफाने उडी घेतली. आजोबा (आईचे वडील) ख्वाजा फरीदुद्दीन हे गणित आणि खगोलाचे नामवंत जाणकार. त्यांच्या फारसी पुस्तिकेचा उर्दू तर्जुमा नातवाने केलेला. त्याच वेळी दिल्लीच्या जुन्या इमारतींवरचे त्याचे पुस्तकही गाजत होते. असा हा सुशिक्षित माणूस, आणि त्याने पुस्तिका लिहिली ती पृथ्वी फिरत नाही हे सिद्ध करण्यासाठी! त्याचे नाव सय्यद अहमद खान. पुढचे सर सय्यद.

सर सय्यदांच्या चरित्रातली ही पुस्तिका आपल्याकडे सहसा कोणी काढत नाही. का लपवावी हे मला कळत नाही. मला तर त्यांच्या साऱ्या लेखनात ती फार मोलाची वाटते. जुन्या मताच्या बाजूने त्यांनी फतवा मागितला नाही, तर्क लढवला आणि तोही छापून, सर्वांसमोर. तर्काच्या मैदानात उतरलेला माणूस हरू शकतो आणि हरला की बदलू शकतो. ते बदलले.

बदलाच्या वाटेवर त्यांना एक टपला बसला, तो मिर्झा ग़ालिबचा. ग़ालिबचा दिल्ली कॉलेजशी आलेला संबंध सर्वांना ठाऊक आहे: फारसीची नोकरी चालून आली, पण साहेब स्वागताला बाहेर आले नाहीत म्हणून मिर्झा पालखी वळवून घरी गेले. हा किस्सा आपण चवीने सांगतो. दुसरा किस्सा अधिक महत्त्वाचा आहे. १८५५ च्या सुमारास सय्यद अहमद यांनी ‘आईने अकबरी’ची मेहनतीने संपादित आवृत्ती तयार केली आणि ग़ालिबला तक़रीज़, म्हणजे गौरवपर प्रस्तावना, मागितली. ग़ालिबने फारसी पद्यात ती लिहिली, पण गौरव बाजूलाच राहिला. मेलेल्या कायद्यांवर इतके कष्ट कशाला, असा सूर. इंग्रजांकडे पाहा, ते वाफेच्या जोरावर जहाजे आणि गाड्या हाकतात, निरोप पाखरासारखे उडवतात, त्यांचे शहर दिव्याविना उजळते, असा त्याचा आशय. १८२८-२९ मध्ये कलकत्ता पाहून आलेला हा साठीकडे झुकलेला शायर, तिशी ओलांडलेल्या संशोधकाला सांगत होता की मागे नको, पुढे बघ! सय्यद अहमद दुखावले. ती तक़रीज़ त्यांनी पुस्तकात छापली नाही.

मग १८५७ आले. ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले आणि कॉलेज लुटले गेले. इंग्रजी पुस्तकांची पाने बागेत उधळली, अरबी-फारसी हस्तलिखिते रद्दीवाल्यांकडे गेली, प्रयोगाची उपकरणे मोडून धातू विकला गेला. प्राचार्य टेलर मारले गेले. १८५२ मध्ये ख्रिस्ती झालेला रामचंद्र लपूनछपून शहराबाहेर पडला म्हणून वाचला. टेलरना काही काळ आसरा देणारे ‘देहली उर्दू अखबार’चे संपादक मौलवी मुहम्मद बाक़िर यांना नंतर इंग्रजांनी देहदंड दिला. त्यांचा मुलगा, याच कॉलेजचा विद्यार्थी मुहम्मद हुसेन आझाद, कुटुंबासह परागंदा झाला. कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडले खरे, पण १८७७ मध्ये कायमचे मिटले.

इमारत रिकामी झाली तरी तिथली मुले संपली नव्हती. रामचंद्राचा लाडका विद्यार्थी ज़काउल्लाह आयुष्यभर उर्दूत गणित आणि विज्ञान लिहीत राहिला. त्याच्या नावावर शंभरावर पुस्तके आहेत. दुसरा विद्यार्थी नज़ीर अहमद. इंग्रजी शिकण्यापेक्षा मुलगा मेला तरी चालेल असे त्याच्या वडिलांचे मत, म्हणून तो अरबी शाखेत गेला. तिथे त्याला उर्दूतून विज्ञान भेटले. विज्ञान फक्त इंग्रजीत असते तर या मुलाला ते कधीच मिळाले नसते! पुढे ‘बनातुन्नअश’ (१८७२) या कादंबरीत त्याने एका घरगुती शाळेतल्या मुलींना पृथ्वीचा गोलपणा आणि गुरुत्वाकर्षण समजावून सांगितले. मौलवींच्या वादातली फिरती पृथ्वी पंचवीस वर्षांत जनानखान्यात पोहोचली होती.

आणि ९ जानेवारी १८६४ रोजी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन झाली. संस्थापक तेच, पृथ्वी स्थिर म्हणणारे सय्यद अहमद. बदली झाली तशी सोसायटी त्यांच्याबरोबर अलीगढला गेली. तिच्यात हिंदू, मुसलमान, इंग्रज सारेच सभासद. सर सय्यद बनारसला गेल्यावर कारभार पाहिला तो राजा जयकिशन दास यांनी. धर्मविषयक पुस्तकांना हात लावायचा नाही, असा सोसायटीचा नियम होता. मोठे शहाणपणाचे कलम ते! इतिहास, अर्थशास्त्र, शेती आणि गणितावरील पुस्तकांचे तर्जुमे झाले, व्याख्याने झाली, आणि ३० मार्च १८६६ पासून उर्दू-इंग्रजी ‘गॅझेट’ निघू लागले.

याचा शेवट मात्र गोड नाही. १८८० नंतर सर सय्यदांनीच देशी भाषेतून उच्च शिक्षणाचा आग्रह सोडला. नोकऱ्या इंग्रजीला बांधलेल्या असताना कौमच्या मुलांना तर्जुम्यांवर थोपवून धरणे त्यांना धोक्याचे वाटले. त्यांच्या अलीगढच्या कॉलेजात इंग्रजी आली. व्यवहार पाहता त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. पण ज्याला कॉलेजची पायरी चढता येत नाही, त्या माणसाशी विज्ञानाचा संवाद तिथे तुटला, हेही खरेच.

तो पुन्हा जोडण्याचा मोठा खटाटोप झाला आपल्या मराठवाड्यात, आणि हे मराठी वाचकाला जवळजवळ माहीत नाही. मौलवी अब्दुल हक १९१२ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि संस्थेचे दफ्तर त्यांनी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणले. पुढे ते तिथल्या कॉलेजचे प्राचार्यही होते. बीबीच्या मकबऱ्यातील बागेचा माळी नामदेव याच्यावर त्यांनी लिहिलेले व्यक्तिचित्र उर्दू वाचकांना आजही पाठ असते. दिल्ली कॉलेजचा इतिहास आज आपल्याला कळतो तो मुख्यतः त्यांच्या ‘मरहूम देहली कॉलेज’ या पुस्तकामुळे, आणि ते १९३३ साली औरंगाबादहूनच निघाले. दिल्लीचा मृत्युलेख गोदावरीच्या खोऱ्यात लिहिला गेला! हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले होते. तेथे वैद्यकापर्यंतचे शिक्षण उर्दूतून दिले जाई, आणि त्यासाठी दारुत्तर्जुमात पारिभाषिक शब्दांवर खल होई. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर तेथेही इंग्रजी आली. निजामाच्या राजवटीत तेलुगू, मराठी आणि कानडी मुलांवर उर्दू लादली गेली, ही दुसरी बाजू मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नकोच. पण तो दोष राजवटीचा, त्या पुस्तकांचा नव्हे.

अंजुमनने जानेवारी १९२८ मध्ये औरंगाबादहून ‘सायन्स’ नावाचे उर्दू त्रैमासिक सुरू केले. त्याच १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे मराठी विज्ञान मासिक निघाले. दोन्हींचा हेतू एकच होता, नव्या शोधांची खबर साध्या वाचकाला त्याच्या भाषेत द्यायची. १९३८ च्या सुमारास अंजुमन दिल्लीला गेली आणि ‘सायन्स’ही तिच्याबरोबर गेले. औरंगाबादच्या त्या दहा वर्षांतल्या अंकांची सूची मराठीत व्हायला हवी. त्यांत कोणते शोध सांगितले, त्यांना कोणते शब्द दिले, आणि त्याच महिन्यांत पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ काय सांगत होते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवे. हे काम उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाराच करू शकेल, आणि असे तरुण मराठवाड्यातल्या आपल्या घरांत आहेत.