पावसाळ्याची बेगमी ते रेशनकार्ड
(भोर-वेल्ह्याच्या घरखर्चाची हकीकत)

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तीत आपल्या भागाच्या इतिहासाबद्दल काही लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी जरा घोटाळ्यात पडले. इतिहास म्हटला की आपल्याकडे तोरणा, राजगड आणि रोहिडा आलेच. पण गडांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या गडांच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे ज्या चुली पेटल्या, त्यांवर काय शिजले, ते कोणी आणि कसे पुरवले, याचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. सासूबाईंची हिशेबाची एक जुनी वही माझ्यापाशी आहे. तीत कोणाला मापटेभर तांदूळ उसने दिले, कोणाकडून चिपटेभर तूरडाळ आणली, एवढेच लिहिलेले आहे. ती चाळताना वाटले, की हाही इतिहासच आहे, आणि तो आपणा बायकांनीच लिहायला हवा.

आपला हा मुलूख भाताचा. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरे, कानद खोरे ही नावे शिवकालापासूनची. पाऊस धो धो पडतो, परंतु सपाट जमीन थोडी. खाचरात भात आणि डोंगराच्या उतारावरील वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळे, आणि पुढे काही वर्षे जमीन पड टाकायची, अशी जुनी रीत होती. इथला आंबेमोहोर पुण्या-मुंबईत नावाजलेला. परंतु ज्याच्या शेतात तो पिके त्याच्या ताटात तो रोज येत असे, असे मात्र कोणी समजू नये. आंबेमोहोर विकून सारा भरायचा, मीठ-मिरची, कापडचोपड घ्यायचे, आणि घरी नाचणीची भाकरी, वरीचा भात व हुलग्याचे पिठले खायचे, हीच साधारण घराची व्यवस्था. आंबेमोहोराचा भात सणावाराला नाहीतर पाहुण्याला.

खरी परीक्षा पावसाळ्याची. मृग लागला की ओढे भरत, वाटा बंद होत, आणि चार महिने बाजार दुरावे. म्हणून वैशाखातच बेगमी करावी लागे. भात कणगीत, कडधान्य राखेत घोळवून मडक्यात, डाळीला एरंडेलाचा हात. सांडगे, पापड, कुरडया उन्हात. चिंच मीठ लावून गोळे करून. सरपण व गोवऱ्या पडवीत. वरंध घाटातून कोकणचे मीठ, आमसुले आणि सुके बोंबील वर येत, तेही पावसाआधीच घेऊन ठेवायचे. आज आपण महिन्याची यादी करतो. त्या बायका चार महिन्यांची यादी करीत, आणि तीही कागद-पेन्सिलीवाचून. घरात माणसे किती, कामाला गडी किती येणार, माहेरवाशीण कोण येणार, लावणीच्या दिवसांत जास्त भाकरी किती लागतील, हे सारे तोंडपाठ. लावणीच्या दिवसांत माणसाला पोटभर घालावेच लागते, नाहीतर चिखलात दिवसभर वाकवत नाही. म्हणून आषाढासाठी नाचणी राखून ठेवणे हा जाणत्या बाईचा पहिला नियम.

आणि ज्या घरची कणगी आषाढातच तळाला जाई तिथे काय? तिथे रान होते. टाकळा, कुर्डू, भारंगी, कुड्याच्या शेंगा ही पावसाची भाजी विनामोल मिळे. पण नुसत्या भाजीने पोट भरत नाही. मग सावकाराकडून धान्य आणावे लागे, ते सवाई-दिढीने. म्हणजे पावसाळ्यात चार पायल्या भात आणला तर सुगीला पाच किंवा सहा पायल्या फेडायचे. त्यातही मापाची गंमत असे. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे कोष्टक आमच्या पिढीने पाठ केले होते. परंतु कोष्टकात नसलेली एक गोष्ट व्यवहारात होती, ती म्हणजे शीग. घेताना माप शिगोशीग भरून घ्यायचे आणि देताना वर हात फिरवून सपाट करायचे! दिढीचा तोटा पुरुषांच्या बोलण्यात येई. शिगेचा तोटा मात्र घरातल्या बाईलाच कळे, कारण कणगीत धान्य ओतणारी तीच.

शेती पुरेना म्हणून इथली माणसे मुंबईस गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी हमालीला. घरखर्चाला मनीऑर्डरचा आधार आला आणि एका संसाराच्या दोन चुली झाल्या. मुंबईच्या चुलीवर गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका रांधत. त्यांची अडचण मोठी विलक्षण होती. गिऱ्हाईक पैसे देणार पगाराच्या दिवशी. वाण्याचा माल मात्र आधी हवा. म्हणजे उधारी आली, आणि उधारीचा माल महाग पडतो हे काय आपणास सांगायला हवे? त्यातून सुटण्यासाठी सावकाराचे कर्ज, आणि त्याचे व्याज. पुढे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खानावळवाल्यांना एकत्र आणले व राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्जे मिळवून दिली. रोखीने माल घेण्याची ताकद हाती आली, की त्याच डाळ-तांदळात घर कसे सावरते, याचा हा मोठा धडा आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. भात खाणाऱ्याला गव्हा-ज्वारीची सवय करावी लागली. धान्याच्या ने-आणीवर बंधने आल्यामुळे गावाकडून मुंबईस तांदळाचे गाठोडे नेणेही अवघड झाले. स्वराज्य आले. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून नियंत्रणे उठू लागली, परंतु भाव इतके चढले की १९४८ साली ती पुन्हा आणावी लागली. त्याच वर्षी, ८ मार्च १९४८ रोजी, पंतसचिवांचे भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानची प्रजा स्वतंत्र देशाची नागरिक झाली. मात्र बाजारातून धान्य आणणाऱ्या गृहिणीची महागाईतून सुटका झाली नव्हती.

धरणांचाही आपल्या ताटाशी संबंध आहे. वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. त्या पाण्याने नीरेच्या कालव्यांखालची बारामती-फलटणकडची जमीन पिकली, ऊस उभा राहिला. आपल्या खोऱ्यातली भातखाचरे मात्र पाण्याखाली गेली. पुढे आंबी नदीवरचे पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. जुलै महिना म्हणजे पावसाळ्याची बेगमी नुकतीच घरात भरलेली. कित्येक घरांची ती बेगमी एका दिवसात चिखलात गेली. वर्षाचे धान्य एकदम भरण्याची पद्धत सुरक्षित, असे आपण म्हणतो. परंतु पुराला ते मान्य नसते.

याच सुमारास आपल्या हिशेबात दोन मोठे बदल झाले. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. रुपयाचे १६ आणे होते, त्याचे १०० नवे पैसे झाले. आण्याचे बरोबर सव्वासहा पैसे होत; पण पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असे ठरले होते. एकेक आण्याचे चार जिन्नस वेगवेगळे घेतले तर २४ पैसे, आणि एकदम घेतले तर २५! हा एक पैसा चतुर बायकांच्या लगेच ध्यानात आला. मग १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. ८० तोळ्यांचा शेर गेला, सुमारे ८६ तोळ्यांचा किलो आला. म्हाताऱ्या माणसांना तो फार दिवस परकाच वाटला. परंतु माझ्या मते या किलोने आपणावर मोठा उपकार केला. पायली-मापट्याला शीग असते, काट्याला नसते. धान्य मापून न देता तोलून देऊ लागल्यावर सपाट हात फिरवण्याची सोयच राहिली नाही. आता काट्यातही लबाडी करणारे आहेत, नाही असे नाही. पण ती निदान उघड लबाडी ठरते.

पुढची वर्षे पुन्हा टंचाईची आली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळ जेवण सोडण्याची विनंती केली, आणि घरोघर सोमवारी संध्याकाळची चूल बंद राहू लागली. आपल्या बायकांना त्यात नवे काय होते? सोमवार, चतुर्थी, एकादशी चालूच होत्या. मग १९७२ चा दुष्काळ. आपल्या भागात पाऊस त्या मानाने बरा असला तरी भाव सगळीकडे सारखेच चढले. रेशनवर लाल मिलो आली. तिची भाकरी थापणे ही एक शिक्षाच होती. त्याच वर्षी मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आदींनी महागाईविरुद्ध स्त्रियांना संघटित केले आणि हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले. स्वयंपाकघराचा हिशेब पहिल्यांदाच सरकारच्या दारात मांडला गेला.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले ती गोष्ट सांगते. जुन्या बायकांच्या काटकसरीचे आपण फार कौतुक करतो. मीही करते. परंतु सासूबाईंच्या वहीत एक खर्च कधीच मांडलेला नाही, तो त्यांच्या स्वतःच्या ताटाचा. आधी पुरुष, मग मुले, मग म्हातारी माणसे, आणि शेवटी जे उरेल ते सासूसुनांना. धान्य कमी पडले की पहिली कपात इथे होई, आणि तिची नोंद कोठेच नसे. "मला भूक नाही" या एका वाक्यावर कित्येक संसारांचा मेळ बसलेला आहे. मी नवी सून असताना मलाही ते वाक्य शिकावे लागले, आणि मी ते शहाणपणाचे लक्षण समजत होते. असो.

ते शहाणपण नव्हते, हे आज आकडे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत, परंतु ताट हे त्यांतले एक आहेच. आणि उपाय काही महागाचे नाहीत. जी नाचणी आपण गरिबीची खूण म्हणून टाकून दिली, तिच्यात भातापेक्षा कितीतरी अधिक कॅल्शियम आहे. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. हुलगे, मटकी, पालेभाजी, वर लिंबाची फोड, मूठभर शेंगदाणे व गूळ हे आपल्या ऐपतीतलेच आहे. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगाने पाळले. आपल्या आज्यांना मोठे नवल वाटले असते!

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने एक चांगली गोष्ट केली आहे. शिधापत्रिकेवर घरातील १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री हीच कुटुंबप्रमुख धरली जाते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे कार्डावर बाईचे नाव पहिले आले. परंतु पंक्तीत तिचे ताट अजून शेवटचेच आहे. हे कायद्याने बदलणार नाही, ते आपण बदलायचे आहे.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन साध्या सूचना आहेत. एक, सुगीच्या दिवसांत दहा-बारा घरांनी मिळून नाचणी, डाळी व शेंगदाणे घाऊक रोखीने घ्यावेत आणि काट्यावर वाटून घ्यावेत. खानावळवाल्यांना जे साधले ते आपणास का साधू नये? दुसरी, महिन्याची यादी करताना आधी घरात काय आहे ते पाहावे, मग आठवड्याचे जेवण ठरवावे, आणि नंतरच बाजाराला निघावे. पिशवी घेऊन आधी निघाले की पैसे नको तिथे जातात. आणि तिसरी, जिला मी सर्वांत महत्त्वाची समजते: हिशेब मांडताना घरातल्या बाईचे ताट पहिल्या ओळीत मांडावे आणि शक्यतो सर्वांनी एकत्र जेवायला बसावे. एकत्र बसले की भांड्यात किती उरले आहे ते सर्वांनाच दिसते.

सासूबाईंची वही मी जपून ठेवली आहे. तिच्या मागे बरीच कोरी पाने आहेत. तुमच्याही घरी अशा वह्या असतील, नाहीतर घरच्या वडील बायकांच्या तोंडी हिशेब असतील. त्या आहेत तोवर लिहून घ्या आणि मंडळात आणा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ते सारे एकत्र छापू.